चेहरा आणि नमुना

शार्ल कॉर्दिए या फ्रेंच शिल्पकाराने १८४८ साली पॅरिसच्या कलाप्रदर्शनात एका आफ्रिकी पुरुषाचे अर्धशिल्प मांडले. त्याच वर्षी फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली. प्रतिमेसाठी बसलेला सईद एन्केस स्वतः एके काळी गुलाम होता. प्रदर्शनात त्याचे नाव सईद अब्दुल्ला असे लागले. बदललेले का होईना, ते एका माणसाचे नाव होते. पुढे तीच प्रतिमा 'तिंबक्तूचा हबशी' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मानववंशांचा नमुना म्हणून विसावली. सौंदर्य ही कोणा एका वंशाची मिरास नाही, असे कॉर्दिए आग्रहाने सांगत असे. त्याच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हे औदार्य वंशाच्या वाट्याला आले. माणसाच्या वाट्याला कितपत आले?

याला प्राच्यवादी दृष्टी म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्या समीक्षेला लागली आहे. परक्याची नजर दोषी आणि स्वकीयाची निर्दोष, हा त्यामागचा समज तपासून पाहावा असा आहे. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी भारतीय स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रिया जातीजमातींचे नमुने म्हणून येतात, आणि त्यांची चित्रे काढली ती रावबहादुर धुरंधरांनी. म्हणजे वर्गवारी साहेबाची, कुंचला मात्र आपला. गंमत अशी की, अलिबागजवळच्या सासवणे गावी राममंदिराच्या भिंतीवर एका मुलाने रेखाटलेले शिवाजीमहाराज पाहून त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविणारे अधिकारीही हेच रॉथफिल्ड. तो मुलगा म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७). ज्या नजरेला कोळिणीत केवळ जात दिसावी, तिला खेड्यातल्या पोरात एक व्यक्ती दिसली. त्या नजरेची निर्भर्त्सना करताना हे ऋण विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

करमरकरांची कीर्ती पुण्याच्या १९२८ सालच्या अश्वारूढ शिवाजीपुतळ्यावर उभी आहे. त्यांची खरी कसोटी मात्र सासवण्याच्या घरातील शिल्पांत लागते. ते घर आज संग्रहालय आहे. तिथे आवारातल्या म्हशीपासून कोळिणीपर्यंत परिसरातले जीवन दिसते. कोळीण इथेही कोळीणच आहे. तिचे नाव प्रेक्षकाला कळत नाही. मग कॉर्दिएहून वेगळे काय घडले? शैलीचे उत्तर अपुरे आहे, कारण अवयवांच्या यथार्थ घडणीचे शिक्षण दोघांचेही युरोपीय परंपरेतले. फरक असलाच तर तो शिल्पकार आणि प्रतिमेचा विषय यांच्यातील अंतराचा आहे. कॉर्दिए अल्जीरियाला जाऊन चेहरे घेऊन परतला. सासवण्याची बाई अंगण ओलांडून आत येऊ शकत होती, आपल्यासारखी दिसणारी ती मूर्ती पाहू शकत होती आणि 'ही मी नव्हे' असे शिल्पकाराला तोंडावर सांगूही शकत होती. तिला तसे सांगावेसे वाटले असते का, आणि सांगितले असते तर करमरकरांनी पुन्हा माती हाती घेतली असती का, हे त्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.