जुना संगणक : दिला की सरकवला?



माळ्यावर पडून असलेला जुना संगणक एखाद्या शाळेला देऊन टाकावा का, असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. 'देऊन टाकणे' यात दोन क्रियापदे आहेत. त्यांतले आपण नेमके कोणते करतो आहोत, हे आधी तपासावे असे आम्हांस वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, गरजेपेक्षा जास्त जे आपल्याजवळ असते ते निसर्गनियमानेच गरिबाला देणे लागते. म्हणजे ते दिल्याने आपण दानशूर ठरत नाही. पण त्यांच्या काळी जास्तीचे म्हणजे धान्य, कापड, नाणी. संगणकाचे तसे नाही. विंडोज एक्सपीच्या नियमित दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. वरून धडधाकट दिसणारा संच शाळेत जातो, महिन्याभरात बंद पडतो, आणि जाड मॉनिटरच्या काचेतल्या शिशाचे काय करायचे हा आपला प्रश्न मुख्याध्यापकांचा होतो. जुलै २०२१ च्या पुरात महाडकडे जी यंत्रे गाळात बुडाली, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. ज्याचा कोणालाच उपयोग नाही ते 'जास्तीचे' नव्हे, ते ओझे. ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच जावे. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याकडे गेले तर तो धूर त्याच्याच लेकरांच्या छातीत जातो.

मग जुने ते सगळे भंगार का? इथे आम्ही थोडे हट्टी आहोत. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली मराठी सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर किंवा श्रीलिपीसारख्या फाँटांत टाइप होत असे. श्रीलिपी चालायला संगणकाच्या पाठीमागे डाँगल नावाचे छोटे कुलूप लावावे लागे. तशी फाइल आज साध्या संगणकावर उघडा, 'येशू' च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. गावोगावच्या छापखान्यांची, पत्रकांची, स्मरणिकांची कितीतरी पाने अशी फ्लॉपीत अडकली आहेत. ज्याला ती वाचायची आहेत त्याच्यासाठी तो जुना डबा, ते डाँगल आणि कळफलकाचा तक्ता असलेली पुस्तिका हीच किल्ली. ॲरिस्टॉटल औदार्याबद्दल बोलताना योग्य माणसाला, योग्य वेळी देण्याची अट घालतो ती याचसाठी. असा माणूस शोधायला पाच-दहा फोन करावे लागतात. आमच्या मते दानातला आपला खरा खर्च तोच. यंत्राची किंमत तर केव्हाच वसूल झालेली असते.

आणखी एक. गरीब शाळेला देणाऱ्यापुढे 'नको' म्हणता येत नाही. तेव्हा 'पाठवू का?' असे विचारू नये. संगणक किती जुना, काय चालते, काय बिघडले आहे हे आधी सांगावे, आणि नकार आला तर मन दुखवून घेऊ नये. हार्ड डिस्कवरचे घरचे कागद नुसते डिलीट केल्याने जात नाहीत, जाणकाराकडून पुसून घ्यावेत. पुस्तिका मात्र रद्दीत घालू नका. यंत्राबरोबर त्याच खोक्यात बांधा.