उन्हातलं घर

वैशाख लागला की आमच्या घरी सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं. चहाचं आधण ठेवायच्या आत पूर्वेकडच्या खिडकीचा जाड पडदा ओढून घ्यायचा. आजी हेच काम लाकडी झडपांनी करायची. तिच्या वाड्यात उन्हाळ्यातलं घर म्हणजे काळोखं माजघर, पाणी शिंपडलेली शहाबादी फरशी आणि दाराला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताट्या. उन्हाळ्यात घर राखायचं म्हणजे ऊन दाराबाहेर थोपवायचं, हे मी तिच्याकडे पाहत शिकले.

आजही पडदा ओढला आणि भिंतीवरच्या एका चित्रापाशी रेंगाळले. छापील प्रत आहे, चित्र स्वीडनमधलं, सव्वाशे वर्षांहून जुनं. बर्चच्या मोठ्या झाडाखाली लांब टेबल मांडलंय आणि घरातली लहानमोठी सगळी न्याहारीला बाहेर येऊन बसलीत. चित्रकाराचं नाव कार्ल लार्सन. आम्ही उन्हाकडे पाठ करून आत शिरतो त्या महिन्यांत ही माणसं बशा-पेल्यांसकट घराबाहेर येतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्टॉकहोममध्ये सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमाराला उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. तोच सूर्य डिसेंबरात सकाळी पावणेनऊला येतो आणि दुपारी पावणेतीनलाच जातो. या वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की तिथल्या घरांचं बरंच काही आपोआप उलगडतं. भिंती पांढऱ्या का असतात, पाइनच्या फळ्यांची जमीन मऊ साबणाने घासून घासून फिकी का ठेवतात, खिडकीवर जाड पडदा का नसतो. सहा तासांत जेवढा उजेड आत येईल तेवढा वाया जाऊ द्यायचा नाही. भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून छतावर तो खेळवत ठेवायचा.

हल्ली आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून पांढरी भिंत आणि फिक्या लाकडाचं कपाट येतं. मलाही ते आवडतं. पण त्या पांढऱ्यामागे अख्ख्या हिवाळ्याची आस आहे हे कळल्यापासून मला तो नुसता रंग वाटत नाही. जे कमी पडतं त्याच्यासाठी माणसं घरात सगळ्यात चांगली जागा राखून ठेवतात. आमच्या घरांत ती जागा गारव्याची होती, त्यांच्या घरांत उजेडाची.

लार्सन यांचं घर मात्र पांढरं नाही. दालार्ना प्रांतात फालुन शहराजवळ सुंडबोर्न नावाचं गाव आहे. तिथे नदीकाठी, तांबं गाळताना उरलेल्या धातुमळीच्या ढिगावर हे लहानसं लाकडी घर उभं होतं. नाव लिला ह्यूटनेस. कार्ल यांच्या सासऱ्यांनी १८८८ मध्ये ते लेकी-जावयाला दिलं. आधी ते फक्त उन्हाळ्यापुरतं होतं. १९०१ पासून कुटुंब तिथेच कायमचं राहू लागलं. जेवणघर त्यांनी लाल आणि हिरवं केलं. बैठकीच्या खोलीत जुन्या घाटाच्या खुर्च्यांना निळे-पांढरे पट्टे आले. दारांवर घरातल्या माणसांची चित्रं आली. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांची रांग, आणि त्यांना पाणी घालणारी एक मुलगी.

कार्ल यांचं बालपण स्टॉकहोममधल्या अतिशय गरीब वस्तीत गेलं. कोंदट खोल्या, उपासमार, बापाचा कडवटपणा. ज्या माणसाला लहानपणी घर म्हणावं असं काही मिळालं नाही, त्यानेच पुढे जन्मभर घर रंगवलं, तेही दार-खिडकी, चमचे, मुलांचे बूट, झोपलेलं मांजर यांच्यासकट. ही चित्रं मी कितीही वेळा पाहिली तरी मला त्यातलं सुख उसनं वाटत नाही, ते याच कारणाने. उपाशी राहिलेला माणूस भाकरीकडे जसा पाहतो, तसं त्यांनी घराकडे पाहिलं आहे.

या चित्रांचा जन्म पावसातला आहे. १८९० च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात झड लागली ती उघडेना. बाहेर जाऊन निसर्गचित्रं काढता येत नव्हती आणि कार्ल घरात अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होते. तेव्हा त्यांची बायको कारिन हिने सुचवलं की मग या खोल्याच का रंगवत नाहीस? त्यातून जलरंगातल्या चित्रांची एक मालिका झाली. १८९९ मध्ये ‘एत हेम’, म्हणजे ‘एक घर’, या नावाने तिचं पुस्तक निघालं. पुढे १९०९ मध्ये जर्मन भाषेत लार्सन यांच्या चित्रांचं पुस्तक आलं आणि घरोघरी गेलं. त्याचं नाव होतं ‘उन्हातलं घर’. जगाने स्वीडिश उन्हाळा म्हणून जो मनात साठवला, त्याची सुरुवात ऊन न पडलेल्या त्या दिवसांत झाली.

मला जास्त ओढ आहे ती कारिनची. ती स्वतः चित्रकार होती. स्टॉकहोमच्या कला अकादमीत शिकली, मग फ्रान्सला गेली. पॅरिसजवळच्या ग्रे-सूर-ल्वॅं या खेड्यात चित्रकारांची वस्ती होती, तिथे दोघांची गाठ पडली आणि १८८३ मध्ये लग्न झालं. पुढच्या वर्षी पहिली मुलगी, मग एकापाठोपाठ आणखी सात बाळंतपणं; त्यातलं एक मूल तान्हेपणीच गेलं. तिची रंगपेटी हळूहळू मिटली. पण हात थांबले नाहीत. घरात लागणारं जे जे होतं, ते तिने नव्याने योजायला घेतलं. उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, मुलांचे कपडे, गावच्या सुताराकडून करवून घेतलेलं साधं फर्निचर. कमरेला न आवळणारे सैल झगे-ॲप्रन तिने स्वतःसाठी आणि घरात काम करणाऱ्या बायांसाठी बेतले. तिच्या आणि नवऱ्याच्या झोपायच्या खोल्यांमधल्या दारावर तिने विणलेला पडदा होता, ‘प्रेमाचा गुलाब’ नावाचा. तिच्या मागावरचे आकार इतके धीट आहेत की काळाच्या पुढे गेलेले वाटतात.

नवऱ्याच्या चित्रांत हे सगळं दिसत राहिलं, आणि लोक चित्रांखाली त्याची सही वाचत राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९९७ मध्ये जे मोठं प्रदर्शन भरवलं, ते मात्र दोघांच्या नावाने, कार्ल आणि कारिन अशा जोडीने. तोवर तिला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं होत आली होती. मला याचं वाईट वाटतं आणि ते वाटणं मला झाकायचं नाही. आपल्याकडेही चुलीमागची चित्रं, रांगोळ्या, दुपटी यांच्यावर कुणाची सही नसते.

सुंडबोर्नहून फालुन जवळच. स्वीडनमधली लाकडी घरं ज्या विटकरी लाल रंगाने ओळखली जातात, तो या फालुनच्या तांब्याच्या खाणीतून येतो. खनिजातून तांबं निघाल्यावर उरलेल्या मातीत लोह असतं. ते भाजून, दळून ही लाल पूड होते. राय नावाच्या धान्याच्या पिठाची खळ, पाणी, हिराकस, जवसाचं तेल आणि ही पूड, असं सगळं शिजवून रंग करतात. तो लाकडाला गुदमरवत नाही. जुना झाला की पापुद्रे न निघता नुसती भुकटी होऊन उतरतो. ब्रशने झाडलं की वर दुसरा हात देता येतो. आपण तुळशीवृंदावनाला जो गेरू लावतो तो त्याचा सख्खा भाऊ. दोघांतही लोहाचीच लाली.

या खाणीची एक गोष्ट मला फार जपून ठेवावीशी वाटते. १६८७ मध्ये इथे प्रचंड जमीन खचली आणि खाणीच्या जागी अजस्र खड्डा पडला. एरवी त्या वेळी खाली माणसं राबत असती. पण दिवस मिडसमरचा होता, उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाचा, आणि खाणकामगारांना वर्षभरात ज्या मोजक्याच सुट्ट्या मिळत त्यांपैकी ही एक. कुणीही मेलं नाही. उन्हात नाचायला मिळालेल्या एका दिवसाने इतके जीव वाचवले.

उन्हाळा उपभोगायला आधी सुट्टी लागते, ही साधी गोष्ट घरांची सुंदर छायाचित्रं पाहताना राहून जाते. लार्सन यांचं पुस्तक निघालं त्याच १८९९ मध्ये एलेन केय या स्वीडिश लेखिकेचं ‘सौंदर्य सर्वांसाठी’ हे पुस्तक आलं. नीटनेटकं, साधं, सुंदर घर हा श्रीमंतांचा मक्ता नाही, असा तिचा आग्रह होता. पण कारखान्यात राबणाऱ्याला ते घर पाहायला दिवसाउजेडी वेळ कुठे होता? स्वीडनमधल्या समाजसुधारक आना लिंडहागेन यांनी कोपनहेगनमधल्या कामगारांच्या बागा पाहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये तशाच बागांसाठी चळवळ उभी केली. शहरातल्या कुटुंबाला जमिनीचा एक तुकडा, त्यावर बटाटे, फुलं आणि एक चिमुकली झोपडी. १९३८ मध्ये कायद्याने प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. पुढे वाढत वाढत १९७८ पासून ती पाच आठवडे झाली. पांढऱ्या भिंतीइतकाच हा कायदाही त्या घरांचा भाग आहे, असं मी मानते.

आणि सुट्टीत ही माणसं जातात कुठे? शहरातल्या घराहून लहान, गैरसोयीच्या घरात. कित्येक उन्हाळी घरांत विहिरीचं पाणी शेंदावं लागतं, संडास अंगणापलीकडे असतो. फिनलंडची लेखिका-चित्रकार तूवे यान्सन आणि तिची जोडीदार, चित्रकार तूलिक्की पिएतिला, या दोघी जवळजवळ तीस वर्षं उन्हाळ्यात क्लोवहारू नावाच्या खडकाळ बेटावर राहिल्या. एकच खोली. वीज नाही, नळ नाही, सावलीला झाड नाही. पण चारही भिंतींना खिडकी. हिवाळ्यात उजेडाची जी वाण असते ती कुणी मागून घेतलेली नसते. उन्हाळ्यात मात्र लोक बाकीच्या वस्तू आपणहून कमी करतात आणि ज्याची वाट पाहिली तेवढंच जवळ ठेवतात. माझ्या घरातल्या किती वस्तू मी अशा सोडून राहू शकेन, हे आज सकाळपासून मनात मोजते आहे.

या सगळ्यात मला अगदी आपली वाटलेली वस्तू म्हणजे जमिनीवरचा चिंध्यांचा लांब पट्टा. जुने सदरे, झगे, चादरी फाडून त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि त्या मागावर बाण्यासारख्या भरायच्या. लार्सन यांच्या चित्रांत खोल्याखोल्यांतून हे पट्टे पसरलेले दिसतात. आपली गोधडी याच जातीची. आजीच्या गोधडीत मामाच्या मुंजीतलं सोवळं कुठे आहे आणि आईच्या परकराचा खण कुठे, हे आम्हाला हाताला कळायचं. आणि उन्हाळ्यात नदीवर गोधड्या धुणं हा बायकांचा सगळा दिवस खाणारा, तरी हवाहवासा कार्यक्रम असायचा. पाय देऊन तुडवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या, खडकावर पसरायच्या.

हेलसिंकीत आजही हेच चालतं. समुद्राच्या काठाला पट्टे धुण्यासाठी लाकडी धक्के बांधलेत, मोठी टेबलं आहेत, वाळत घालायला आडव्या दांड्या आहेत. उन्हाळा आला की लोक घरातले पट्टे गुंडाळून गाडीत, सायकलवर, खांद्यावर घेऊन येतात. पाइनचा साबण लावून ताठ ब्रशने घासतात. साबण समुद्रात जाऊ नये म्हणून अलीकडे काठावरच टाक्यांची सोय होत गेली आहे. शेजारच्या टेबलावर अनोळखी माणूस असतो. त्याचा ओला पट्टा जड झाला की दुसरं टोक धरायला आपण जायचं. मग सगळे दांड्यांवर टाकायचे. कुणाच्या आईचा निळा झगा, कुणाच्या वडिलांचा कामावरचा सदरा, कुणाच्या पाळण्यातलं दुपटं, सगळं पट्ट्यापट्ट्यांनी निथळत राहतं. संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन असतं, आणि माणसं कॉफीचा थर्मास उघडून तिथेच बसून राहतात.