प्रेमकथेचा पत्ता

प्रेमकथा वाचून झाली की नायक-नायिकेची नावे लक्षात राहतात, त्यांची पहिली भेट लक्षात राहते, शेवट तर आपण विसरतच नाही. पण ही कथा घडली कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. स्थळ म्हणजे नाटकातला मागचा रंगवलेला पडदा; तो बदलला तरी नाटक तेच राहते, अशी आपली समजूत असते. आम्हाला ही समजूत मान्य नाही. प्रेमकथेसाठी जागा निवडताना लेखक एक नैतिक निवड करत असतो. प्रेम करायला कोणाला जागा आहे, कोणाला नाही, आणि त्या प्रेमाची किंमत कोणी मोजायची, हे पुष्कळदा त्या जागेवरूनच ठरते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि बिबवेवाडीत राहतो. नववी-दहावीच्या मुलामुलींना गोष्ट लिहायला सांगितली की एक गोष्ट हमखास दिसते. भांडणाची कथा असली तर ती गल्लीत घडते, नळावर घडते, अप्पर डेपोच्या बसमध्ये घडते. चोरीची कथा मार्केट यार्डात घडते. पण कथेत मोहब्बत आली की पात्रे लगेच सामान बांधून निघतात. हवेली येते, दालान येते, कारंजे येते, नायिकेच्या खोलीला झरोका येतो. जिच्या घरी सहा माणसे दोन खोल्यांत झोपतात, तिची नायिका खिडकीशी एकटीच बसून चंद्र पाहते. यात मुलांचा दोष नाही. प्रेम कुठे घडते, हे त्यांना आधीच शिकवले गेले आहे.

कोणी शिकवले? 'चौदहवीं का चाँद' (1960) लखनौत घडला. 'मेरे मेहबूब' (1963) अलीगढ आणि लखनौ यांच्यात फिरला. अशा चित्रपटांना 'मुस्लिम सोशल' म्हटले गेले, आणि त्यांनी देशभरच्या मुसलमानांना प्रेमाचा एकच पत्ता दिला. उर्दू डायजेस्टांतल्या कथांनी त्यात बंगला आणि लॉन यांची भर घातली. सोलापूरचा, मालेगावचा, चिपळूणचा, मिरजेचा मुसलमान या पत्त्यावर कधी राहत नव्हता. त्याच्या घरात शेरवानी लग्नापुरती येते, तीही बहुधा भाड्याने. तरीही प्रेमाची कल्पना करायची वेळ आली की तो लखनौचा होतो.

दुसऱ्या बाजूला मराठी कथा-कादंबरी आहे. तिला प्रेमाचा पत्ता चांगला ठाऊक आहे. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (1931) लिहून कथाकादंबरीच्या तंत्राची चर्चा मराठीत आणली आणि स्वतःच्या कादंबऱ्यांतून सुशिक्षित, सुखवस्तू तरुण-तरुणींचे एक जग उभे केले. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ने पुण्यातला कॉलेजचा कट्टाच नायक केला. कित्येक पिढ्यांना तो कट्टा आपला वाटला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (2016) तर करमाळा तालुक्यातली विहीर, उसाचे फड आणि उजनीचा पाणीपसारा यांना असे रूप दिले की लोक ती ठिकाणे पाहायला जाऊ लागले. मात्र या सगळ्या पत्त्यांवर आमचा मुलगा कोण असतो? 'सैराट'मध्ये तो सलीम आहे. परश्याचा जिवलग मित्र. तो निरोप पोचवतो, सोबत धावतो, सोबत मारही खातो. सलीम आम्हाला फार आवडतो, कारण तो खरा आहे; अशी दोस्ती आम्ही रोज पाहतो. पण कधीतरी सलीमची स्वतःची प्रेमकथा असेल आणि ती त्याच गावात घडेल, असे आम्हाला वाटत राहते.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. दिवसभर ओझी उचलून, शिलाई मारून किंवा धुणीभांडी करून थकलेल्या माणसाने प्रेमकथेतही आपलीच गल्ली का पाहावी? त्याला काश्मीर पाहू द्या, स्वित्झर्लंड पाहू द्या. स्वप्नाला पत्ता कशाला विचारता? आम्हीही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. स्वप्न पाहण्याचा हक्क गरिबाला सर्वांत आधी आहे.

अडचण वेगळी आहे. उसनी जागा एकटी येत नाही. ती आपल्यासोबत उसने प्रश्न घेऊन येते. 'चौदहवीं का चाँद'मधला सारा पेच नकाबामुळे झालेल्या गैरसमजाचा आहे: एक मित्र नकळत दुसऱ्या मित्राच्याच पत्नीवर भाळतो. हवेलीतल्या प्रेमासमोर असे नाजूक पेच असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या प्रेमासमोर बिरादरीचा प्रश्न असतो, जहेजचा असतो, मुलगी बारावी शिकली आणि मुलगा सातवीत शाळा सोडून गॅरेजला लागला याचा असतो. लग्नानंतर कोणत्या खोलीत राहायचे, याचाही असतो. हवेलीच्या कथा वाचून वाढलेली मुलगी या प्रश्नांसमोर उभी राहते तेव्हा तिच्यापाशी शब्दच नसतात. आपल्याला जे वाटते आहे ते प्रेम नसेलच, कारण ते तसे दिसत नाही, असे तिला वाटू शकते. किंवा याच्या उलट, जे केवळ तसे दिसते त्यालाच ती प्रेम समजते. हे नुकसान लहान नाही.

स्थळ म्हणजे सजावट नव्हे, याचा सर्वांत मोठा दाखला आमच्याच शहरात आहे. बाजीराव आणि मस्तानी यांची कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली. ना. सं. इनामदारांनी 'राऊ' लिहिली. 2015 मध्ये संजय लीला भन्साळी यांचा भव्य चित्रपट आला आणि त्यातला आरसेमहाल पाहून प्रेक्षक दिपून गेले. पण या कथेची खरी ठिकाणे बघत निघालो तर आरसे दिसत नाहीत. शनिवारवाड्याला मस्तानीच्या नावाचा एक दरवाजा आहे. कोथरूडला तिच्यासाठी बांधलेल्या महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून उभे केले आहेत. दिवेघाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ मस्तानी तलाव आहे. बाजीराव मोहिमेवर असताना तिला पर्वतीच्या बागेत अटकेत ठेवले गेले, असे इतिहासकार सांगतात. ती पर्वती बिबवेवाडीपासून फार दूर नाही. 1740 मध्ये बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची मजार शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

या ठिकाणांची यादी नुसती वाचली तरी कथा कळते. दरवाजा वेगळा, महाल वेगळा, कैदेची बाग वेगळी, कबर वेगळी. त्या काळच्या पुण्यात या प्रेमाला एकच गोष्ट मिळाली नाही, आणि ती म्हणजे घर. मस्तानी दिसायला कशी होती आणि नाचत कशी होती, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. पण तिला कुठे ठेवायचे, हा प्रश्न एका मोठ्या घराला सुटला नाही, आणि तीच तिची खरी कहाणी आहे. जो लेखक आरसेमहालाशी थांबतो, त्याला हे प्रेम सुंदर दिसेल. जो त्या वेगळ्या दरवाज्याशी थांबेल, त्याला त्यातला अन्याय दिसेल. स्थळाची निवड नैतिक असते, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

आणखी एक प्रश्न आहे. एकच जागा दोघांना सारखी दिसत नाही. आपल्या कितीतरी कथांत आणि चित्रपटांत प्रेमाची सुरुवात रस्त्यावर होते. तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो, बसथांब्यावर वाट पाहतो, ती नको म्हणाली तरी मागे येतो, आणि शेवटी तिला पाझर फुटतो. कथा त्याच्या डोळ्यांनी लिहिलेली असल्यामुळे तो रस्ता आपल्यालाही रम्य वाटतो. त्याच रस्त्याने तिला रोज शाळेत जायचे असते, हे कोणी लिहीत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये आमच्या बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावासाठी आलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. वर्तमानपत्रांत कारण छापून आले: एकतर्फी प्रेम. त्या घटनेला प्रेम हा शब्द कसा लावता येतो, हे आम्हाला कळलेले नाही. एखाद्या कथेने हा खून घडवला, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग म्हणजे प्रेमाची रीतच, हे ज्या कथा वर्षानुवर्षे सांगत आल्या, त्यांच्या लेखकांनी स्वतःला काही विचारायला नको का?

आपल्या परंपरेत याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. सहीह बुखारीत बरीरा आणि मुगीस यांची हकीकत येते. बरीरा गुलामीतून मुक्त झाली आणि मुगीसपासून वेगळे होण्याचा हक्क तिने वापरला. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरत असे. अश्रूंनी त्याची दाढी भिजे. पैगंबरांना (स.) त्याची दया आली. त्यांनी बरीराला परत जाण्याविषयी सुचवले. हा आपला हुकूम आहे का, असे तिने विचारले. हुकूम नव्हे, केवळ शिफारस आहे, असे कळताच तिने स्वच्छ नकार दिला, आणि तो नकार मानला गेला. गल्ली तीच, अश्रू खरे, माणूसही वाईट नाही. तरीही त्या गल्लीत तिच्या नकाराला जागा होती. ज्या मोहल्ल्यात मुलीच्या नकाराला जागा आहे, तोच प्रेमकथेला लायक मोहल्ला, असे आम्हाला वाटते.

आता शेवटची अडचण, आणि आमच्या वाचकांपुरती ती सर्वांत मोठी आहे. आपल्याच मोहल्ल्यात प्रेमकथा घडवली तर लोक ओळखतात. कोणाची मुलगी, कोणत्या चाळीतली, कोणाचा पुतण्या, याचे तर्क सुरू होतात. लेखक टाळ्या घेऊन निघून जातो. मुलीला मात्र उद्याही त्याच जिन्यावरून उतरायचे असते. हया आणि इज्जत हे शब्द काही नुसते मागासलेपणाचे नाहीत. कित्येकदा त्यांच्या आडोशाला एक जिवंत माणूस उभे असते. म्हणून अनेकांनी लखनौचा आसरा घेतला असेल, तर त्यांची भीती आम्हाला समजते.

पण तोड निघते. अकराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबाचे मोठे फकीह इब्न हज्म यांनी प्रेमावर 'तौक अल-हमामा' हा ग्रंथ लिहिला. शरीअतचा हा गाढा विद्वान आपल्या शहरातल्या प्रेमाच्या हकीकती सांगताना जागा लपवत नाही. कवी रमादी याला एक मुलगी दिसली ती अत्तारांच्या दरवाज्याशी, जिथे स्त्रिया जमत. तेथून तो तिच्या मागोमाग पूल ओलांडून नदीपलीकडे गेला. पुढे तो शोधत राहिला, पण ती पुन्हा दिसली नाही. दरवाजा खरा, पूल खरा, नदी खरी. मात्र जिथे कोणाची बदनामी होईल तिथे आपण नाव झाकणार, असे इब्न हज्म सुरुवातीलाच सांगतात. जागा उघडी ठेवायची आणि माणूस झाकायचा, हा त्यांचा कायदा. आपल्याकडे नेमके उलटे झाले. पात्रांना आपली नावे दिली आणि जागा मात्र झाकून टाकली.

जागा उघडी ठेवली की काय होते, याची उदाहरणे आपल्यापाशीही आहेत. हमीद दलवाई यांच्या विचारांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, 'इंधन'मधले कोकणातले गाव नाकारता येत नाही. त्या गावाशिवाय ती माणसे उभीच राहिली नसती. सागर सरहदी यांच्या 'बाज़ार'मध्ये (1982) हैदराबाद आहे, पण नवाबी थाटाचे नाही. तिथल्या गरिबीत मुलगी विकली जाते, आणि म्हणून शबनम व सरजू यांचे साधे प्रेम काळजाला भिडते.

1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आमच्या लेखकांनी दंगलीवर लिहिले, तलाकवर लिहिले, गरिबीवर लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण ज्या समाजाच्या साहित्यात केवळ दुःखाला पत्ता असतो आणि प्रेमाला नसतो, त्या समाजाकडे बाहेरचे लोक एक प्रश्न म्हणून पाहू लागतात, आणि घरातली मुलेही स्वतःकडे तसेच पाहू लागतात. आमच्या मोहल्ल्यातही प्रेम आहे. ते गच्चीवर वाळत घातलेल्या शेवयांपाशी आहे, झेरॉक्सच्या दुकानातल्या रांगेत आहे, दवाखान्यात रात्रभर जागणाऱ्या नवऱ्यापाशी आहे, चाळीस वर्षांच्या संसारानंतरही आधी तिला ताट वाढणाऱ्या म्हाताऱ्यापाशी आहे. नावे झाकावीत. गल्ली मात्र खरी लिहावी, आणि ती लिहिताना तिथून रोज चालत जाणाऱ्या मुलीच्या पावलांनीही एकदा चालून पाहावी.