जागणाऱ्याला झोप कोण देणार?



आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६

या श्लोकात भगवंतांनी खाण्याबरोबर झोपेचाही हिशेब मांडला आहे. अतिझोप जशी योगाच्या आड येते, तसंच अतिजागरणही. आम्हा आयटीवाल्यांना हे लगेच लागू पडतं. पण आज वाचताना मला आमच्या गल्लीतल्या एक काकू आठवल्या.

काकांना डिमेन्शिया आहे. उभा जन्म शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेला. आता रात्री तीनला उठून टोपी घालतात, सौद्याला उशीर झाला म्हणून दार ओढत बसतात. काकू किल्ली कमरेला बांधून झोपतात. झोपतात म्हणजे काय, पडतात! भेटायला येणारे चहा घेतात, "तुमची पुण्याई मोठी" म्हणतात आणि चप्पल घालतात.

मग काकूंचं हे जागरण तप म्हणायचं का? सतराव्या अध्यायात स्वतःला पीडा देऊन हट्टानं केलेल्या तपाला तामस म्हटलंय. पण इथे हट्ट कुठाय? हट्टाला पर्याय असावा लागतो, आणि काकूंना तो कुणी दिलेलाच नाही. म्हणून सोळावा श्लोक काकूंना ऐकवणं मला क्रूरपणा वाटतो. तो आपण शेजाऱ्यांनी वाचायचा.

आमच्या टीममध्ये ऑन-कॉल ड्युटी आठवड्यानं बदलते. सर्व्हर सांभाळणारा माणूस थकतो, हे कंपनीला कळतं. आजारी माणूस सांभाळणाऱ्याला मात्र बदली नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक केलं, टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. बरोबरच आहे ते. पण सांभाळणाऱ्याला चार तास उसंत कोण देणार? दिवसभर रुग्णाला ठेवून घेणारं केंद्र हवं, घरी येणारी शिकलेली मदतनीस परवडायला हवी, औषधाच्या चिठ्ठीबरोबर "घरी कोण बघतं, ते झोपतात का" हेही डॉक्टरांनी विचारायला हवं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मानसिक आधार मिळतो. नंबर लिहून ठेवा. फोनवर बोलून मन हलकं होईल, पण रात्री तीनला दारापाशी माणूसच लागतो.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिलाय का? मोहन आगाशे त्यात स्मृती हरवलेले संस्कृत पंडित झालेत. हत्तीमागे चालत गेलेल्या त्या म्हाताऱ्याला माहुताची कानडी बायको लेकरासारखं सांभाळते. ना नातं, ना भाषा. सेवा फक्त रक्ताच्या माणसानंच करायची, असं मानणाऱ्यांनी तो जरूर बघावा. (रुमाल जवळ ठेवा.)

तालमीतली दोन पोरं आणि मी, आम्ही आता रविवारी तीन ते सहा काकांजवळ बसतो. पहिल्या रविवारी काकू झोपल्याच नाहीत, आतून कानोसा घेत राहिल्या. दुसऱ्या रविवारी घोरण्याचा आवाज आला. काका मला कुणा अडत्याचा मुलगा समजतात आणि गूळ बोटानं दाबून कसा पारखायचा ते शिकवतात.

उद्या श्लोक १७.