गाठ मानेत उतरण्याआधी

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण किती जगेल, हे त्याच्या गाठीतल्या पेशींवरून आधीच ओळखता येईल का? या प्रश्नामागे जगभरचे संशोधक लागले आहेत. गाठीचा तुकडा काढून त्यात पी-५३ हे प्रथिन बिघडले आहे का, ते पाहतात. की-६७ या प्रथिनावरून पेशींच्या वाढीचा वेग जोखतात, ईजीएफआर हे प्रथिन किती वाढले ते मोजतात. काम मोलाचे आहे. कोणाला कडक उपचार हवेत आणि कोणाला त्यांचा त्रास टाळता येईल, हे उद्या यातूनच ठरेल. पण आज उपचार ठरतात ते मुख्यतः गाठ केवढी आहे, किती खोल गेली आहे आणि मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली आहे का, यावर.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांपैकी काहींच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या; बाकीच्यांच्या मानेत रोग दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. लवकर आलेल्यांमध्ये एवढा फरक पडतो. मग मान सुजल्यावर, गाल फुटल्यावर येणाऱ्याच्या वाट्याला काय उरत असेल?

आणि आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात माणूस उशिरा का येतो, याचे उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड मजुरांची टोळी दसऱ्याच्या सुमारास गाव सोडते. मुकादमाची उचल अंगावर असते, एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशा टोळीतल्या बाईच्या गालात चट्टा आला, तिखट झोंबू लागले, तर ती दवाखाना गाठणार कधी? दाढ दुखते म्हणून ती आणखी मिश्री लावते. घरच्या कोणी तिला आ करायला सांगून तोंडात पाहिलेले नसते. पुरुषांनी चारचौघांत तंबाखू मळायची, ती आलेल्या-गेलेल्याला पुढे करायची आणि पुडी आणायला पोराला टपरीवर पिटाळायचे, याला आपण रीत मानतो. ही रीत माणसे मारते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू वापरणारा निघाला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण घरातल्या डबीवर कोण बंदी घालणार? सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. तिने तोंड आखडत जाते, तीन बोटे उभी आत जाईनाशी होतात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. कर्करोगाच्या खुणांसाठी रक्त तपासून मिळते आणि रिपोर्ट चांगला आला की घर निश्चिंत होते. तोंडाच्या कर्करोगाची शंका रक्ताच्या अशा तपासणीने फिटत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर तुकडा काढूनच तपासावा लागतो.

पहिली नजर टाकायला मात्र मोठे यंत्र लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले. नगरकरांना याचे नवल वाटू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर बायांनाच आरोग्याचे काम शिकवले आणि जगाने ते पाहायला यावे असे करून दाखवले. आज गावोगाव आशा ताई आहेत. तिशी ओलांडलेल्यांची तोंड-तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. नुसता फॉर्म भरून ती पुरी होत नाही. उजेडात गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग पाहावा लागतो. शंका आलीच तर लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे, आणि पैशाअभावी कोणी घरी बसू नये म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे.

तंबाखूवर नगर आणि संगमनेरच्या विडी कामगार बायांची चूल पेटते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि त्यांना दुसरी रोजी मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पण त्यांच्या पोटाची ढाल पुढे करून आपली सवय वाचवू नये. राळेगणसिद्धीने होळीत विडी-तंबाखू जाळली आणि गावातली विक्री थांबवली. ते गाव याच जिल्ह्यातले, याच मातीतले.

साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला मंडप घालता, तसाच टोळ्या उतरतील त्या आठवड्यात तोंड-तपासणीचाही मंडप घाला, आणि तपासणीला गेलेल्याचा खाडा धरू नका. सरपंचांनी येत्या ग्रामसभेत शाळेजवळच्या टपरीचा विषय घ्यावा. आणि वाचकहो, आज घरी गेल्यावर आई-वडिलांना उजेडात बसवा, आ करायला सांगा आणि नीट पाहा. काही दिसले तर पुढच्या बाजाराची वाट न पाहता दवाखान्यात न्या.