‘कोणाकडून आले?’

व्यंग घेऊन मूल जन्मले, की घरात दोन प्रश्न उठतात. ‘काय झाले?’ आणि ‘कोणाकडून आले?’ पहिल्याचे उत्तर आपण डॉक्टरांकडे मागतो. दुसऱ्याचे बहुधा सुनेकडे. पिढ्यान्‌पिढ्या कुलवृत्तांत जपणाऱ्या घराण्यांना तर या दुसऱ्या प्रश्नाची सवयच जडलेली असते. त्याचे उत्तर शोधण्याचा नैतिक हेतू कोणता असावा, हे आम्ही येथे तपासू इच्छितो.

अँजेलो डिजॉर्ज या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६५ मध्ये थायमस व पॅराथायरॉईड ग्रंथींवाचून जन्मलेल्या बालकांकडे लक्ष वेधले. १९७८ मध्ये रॉबर्ट श्प्रिंट्झेन यांनी टाळू, हृदय व चेहरा यांतील वैगुण्यांचा एक समूह वर्णिला. पुढे १९९० च्या दशकात उलगडले, की दोहोंच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असते: बाविसाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतून इवलासा तुकडा गळालेला असतो. नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीत हा सूक्ष्मलोप सहसा दिसत नाही. त्यासाठी ‘फिश’ किंवा मायक्रोअ‍ॅरे चाचणी लागते.

त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारख्याच जनुकीय ओळी असतात. पोथी उतरवताना लेखनिकाची नजर एका ओळीवरून तशाच दुसऱ्या ओळीवर जावी नि मधला मजकूर सुटावा, तसे काहीसे बीजपेशी घडताना होते. दहांपैकी सुमारे नऊ बालकांत हा लोप नव्यानेच घडलेला असतो. आईबापांत तो नसतो. ग्रहण पाळले नाही, पूर्वजांचे काही राहिले, या बोलण्यांना येथे थारा नाही.

दहाव्या घरी मात्र तो आईकडून वा वडिलांकडून आलेला असतो. कित्येकदा त्यांची लक्षणे इतकी सौम्य असतात, की मुलाच्या निदानानंतरच त्यांना स्वतःविषयी कळते. पुढील प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. येथे ज्ञान जड होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नकळत दिलेला वारसा हा अपराध नव्हे. जाणून दडवलेला वारसा मात्र निराळा. घराण्याच्या नावासाठी तो झाकला, तर रक्तातील कॅल्शियम, हृदय, प्रतिकारशक्ती यांची वेळीच व्हावयाची तपासणी राहून जाते, आणि त्याची किंमत मूल मोजते.

एकच लोप असलेली दोन मुलेही सारखी नसतात. म्हणून निदानात मूल हरवू नये. ‘कोणाकडून आले?’ हे अवश्य विचारावे. पण पुढे कोणाला जपावयाचे, हे कळावे एवढ्यासाठीच.