अध्याय १३, श्लोक ७ : शौच आणि बाबांची पिशवी



गेले सहा दिवस आपण तेराव्या अध्यायातल्या एकाच श्लोकात मुक्काम ठोकलाय. ज्ञान कशाला म्हणायचं, याची भगवंतांनी अर्जुनाला सांगितलेली यादी, आणि त्यातला रोज एक शब्द. अमानित्वापासून निघालो, काल आचार्योपासना झाली. आज सातवा शब्द, शौच.

खरं सांगते, हा शब्द येणार म्हणून आठवडाभर मला धाकधूक होती. शौचावर लिहायचं तर घरातलं लिहावं लागणार. म्हणून आधी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. माझं नाव घालू नकोस. बाकी लपवण्यासारखं काय राहिलंय आता?" एवढं बोलायला त्यांना अकरा महिने लागले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, जळजळ नाही. एकदा गेलं आणि थांबलं, म्हणून त्यांनी तीन आठवडे कुणाला सांगितलंच नाही. (मंडळी, चिंतन बाजूला ठेवून सांगते. लघवीत न दुखता रक्त दिसलं, अगदी एकदाच दिसलं तरी, डॉक्टरकडे जायचं. मूत्राशयाच्या कॅन्सरची सगळ्यात नेहमीची पहिली खूण हीच. आणि त्याचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर. बाबांनी सिगारेट सोडून पंधरा वर्षं झाली होती, पण त्याआधी तीस वर्षं ओढली होती.) दुर्बिणीतून गाठ काढली, ती स्नायूपर्यंत पोचलेली निघाली. मग केमो, मग ऑगस्टमध्ये मोठं ऑपरेशन. मूत्राशय काढलं, त्याबरोबर प्रोस्टेटही काढलं. लहान आतड्याचा साधारण पंधरा सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून दोन्ही किडन्यांच्या नळ्या त्याला जोडल्या, आणि त्या तुकड्याचं दुसरं टोक पोटावर, बेंबीच्या उजवीकडे थोडं खाली, बाहेर काढलं. युजीन ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जननं १९५० मध्ये ही पद्धत मांडली, अजूनही जगभर तीच वापरतात. पोटावरच्या त्या लालबुंद तोंडाला स्टोमा म्हणतात. लघवी तिथून थेंब थेंब सतत येत राहते. धरून ठेवायला आत काहीच नाही, म्हणून वरून पिशवी चिकटवायची. कायमची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमाची सिस्टर पोटावर पेनानं खूण करायला आली होती. बसून बघितलं, वाकून बघितलं, कातडीला घडी कुठे पडते ते बघितलं. विचारलं, "काका, तुम्ही कपडे कुठले घालता?" बाबा म्हणाले, "पँट." पूजेला रोज कद नेसतो, हे त्यांनी सांगितलं नाही. बाईमाणसाला काय सांगायचं, असं वाटलं असेल. घरी आल्यावर पहिल्यांदा कद हातात घेतला तेव्हा कळलं की गाठ नेमकी स्टोमावर येते.

त्यांनी कद घडी करून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आता पूजा नको. या अवस्थेत देवाला शिवायचं नाही."

आमच्या घरी चाळीस वर्षं पूजा बाबाच करतात. पहाटे पाचला आंघोळ, सहाणेवर गंध उगाळायचं, बाळकृष्णाला आणि शाळिग्रामाला अभिषेक, विठ्ठल-रखुमाईला तुळस, मग चहा. ऑपरेशन झालेल्या माणसाला काय काय गमवावं लागतं, याचा आम्ही सगळा विचार केला होता. हा केला नव्हता.

मी काय केलं, तर श्लोक घेऊन त्यांच्यासमोर बसले. तुम्ही सगळे माझं रोज वाचता, त्यामुळे मी काय बोलले असेन ते तुम्हाला ठाऊकच आहे. हे शरीर म्हणजे क्षेत्र, बाबा. तुम्ही त्याला जाणणारे, क्षेत्रज्ञ. पिशवी क्षेत्राला लागलीय, तुम्हाला नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग आज रात्री ती तुझ्या क्षेत्रज्ञाला लाव. मी झोपतो जरा."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी बोलले ते खोटं नव्हतं. पण तो श्लोक बाबांनी स्वतःला सांगायचा होता. धडधाकट माणसानं आजाऱ्याला सांगितला की तो उपदेश उरतो, आणि उपदेशानं कातडीची आग थांबत नाही. त्या दिवसांत बाबांच्या स्टोमाभोवतीची कातडी सोलवटली होती. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, तोंड लहान होत जातं, म्हणून पिशवीच्या चकतीचं भोक दर वेळी मापून कापावं लागतं. आम्ही पहिल्याच मापानं कापत राहिलो. मधली उघडी कातडी लघवीत भिजत राहिली. म्हणजे मी क्षेत्र-क्षेत्रज्ञ शिकवत होते तेव्हा त्यांना खरं तर एक मोजपट्टी हवी होती.

आता ते लिहिते ज्यासाठी हा शब्द टाळावासा वाटत होता.

रात्री पोटावरच्या पिशवीला लांब नळी जोडून खाली दोन लिटरची मोठी पिशवी लावतात, म्हणजे झोपेतून उठावं लागत नाही. सप्टेंबरमध्ये एका रात्री ती नळी निसटली. तीनच्या सुमारास आईची हाक आली. गादी, चादर, बाबांचा सदरा, सगळं ओलं. आई वाकून पुसत होती. मी दारात उभी राहिले. वास आला आणि माझ्या चेहऱ्यावर किळस आली. एक क्षणभरच असेल. पण बाबा त्या क्षणी माझ्याकडेच बघत होते.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. नंतर दोन महिने ते मला खोलीबाहेर पाठवायचे. "आई आहे, तू जा, तुझं ऑफिस आहे सकाळी."

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. बाबा ज्याला अपवित्रता म्हणत होते ती खरोखर अपवित्रता होती, की लाज? मी एकदा त्यांच्याशी वादही घातला. म्हटलं, बाबा, सोवळं नेसून देवासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात लघवीची पिशवी असतेच की. तुमचीही होती चाळीस वर्षं. ते म्हणाले, "ती देवानं झाकलेली होती. ही उघडी आहे." उत्तर चांगलं आहे. मला अजून ते पुरतं खोडता आलेलं नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. अडचण मळाची नव्हती, दिसण्याची होती. मळ धुता येतो. आंघोळ, स्वच्छ कातडी, वेळेवर बदललेली पिशवी, हे सगळं शौचच आहे आणि त्यात बाबा माझ्यापेक्षा काटेकोर आहेत. पण दुसऱ्यानं पाहिलं म्हणून जे डागाळतं, ते पाण्यानं जात नाही.

माऊली शौचाबद्दल सांगताना कापराचा दाखला देतात. आत-बाहेर एकसारखा स्वच्छ. मी ती ओवी आजवर सुखात वाचत आले. या वेळी वाचताना थांबले, कारण बाबांचं आतलं आता अक्षरशः बाहेर आलंय. स्टोमा म्हणजे आतड्याचा आतला पदरच बाहेर उलगडलेला. गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला. त्याला बोट लावलं तरी दुखत नाही, आणि त्यातून पांढरट चिकट पदार्थ येतो तोही दोष नव्हे. आतड्याचा स्वभावच तो, मूत्राशयाचं काम दिलं म्हणून आतडं आपला स्वभाव सोडत नाही. हे मला सिस्टरनं सांगितलं तेव्हापासून किळस कमी झाली. भक्तीनं कमी झाली असं लिहायला आवडलं असतं, पण माहितीनं कमी झाली.

वाद मात्र आईनं मिटवला. म्हणजे मिटवला असंही नाही, पण त्यानंतर तो पूर्वीसारखा राहिला नाही.

दिवाळीच्या आधी बाबांची एक आत्या आली होती. पूजा बंद आहे कळल्यावर तिनं मान डोलावली, "बरोबर आहे हो, विटाळ तो विटाळच." आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. आई मोठ्यानं बोलत नाही कधी. म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षं महिन्याचे चार दिवस मी या उंबऱ्याबाहेरून देवाला हात जोडले. लोणच्याच्या बरणीला शिवायची सोय नव्हती. तेव्हा कुणी मला विचारलं का, तुला काय वाटतं म्हणून? आता तुमचे चार दिवस सुरू झालेत. ते संपत नाहीत, एवढंच."

कुणीच काही बोललं नाही. आत्यानं चहा घेतला आणि लवकर निघाली.

मला त्या रात्री झोप नाही आली. चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे डोकं टेकलं असेल, मीही टेकलंय. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. हे सगळं मला पाठ होतं. पण आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर पंचवीस वर्षं कुणी उभं होतं, हे मला दिसलं नव्हतं. ते दिसायला बाबांना त्या उंबऱ्याबाहेर यावं लागलं. चार दिवस मीही पाळले आहेत, कंटाळत, फार विचार न करता. बाबा तसे वाईट नाहीत, त्यांनी आईवर कधी आवाज चढवला नाही. नियम होता, तो पाळला. नियम आपल्यावर येईपर्यंत तो किती जड आहे हे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आईला म्हणाले, "अभिषेक तू कर." आई म्हणाली, "मला कुठे येतं." चाळीस वर्षं वाती, फुलं, नैवेद्य सगळं तिचं, पण ताम्हनात पाणी घालायचं काम तिचं नव्हतं. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर देवघराबाहेर बसले आणि एकेक ओळ सांगत गेले, ती मागोमाग म्हणत गेली. दोन महिने असंच चाललं.

यावर टाळ्या वाजवू नका. आईला आणखी एक काम लागलं, हेही तितकंच खरं. तिला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, कंबर दुखते. भेटायला येणारे म्हणतात, "सेवा करायला भाग्य लागतं," आणि सातची लोकल पकडून जातात. भाग्याचा थोडा वाटा त्यांनीही उचलावा, एखादी दुपार घरी बसावं, आईला झोपू द्यावं. तुमच्या नात्यात असं कुणी असेल तर कृपा करून हे वाक्य बोलू नका. डबा न्या, किंवा पिशवी बदलायला शिका.

जानेवारीत बाबांना थंडी वाजून ताप भरला. किडनीपर्यंत जंतुसंसर्ग गेला होता. स्कॅनमध्ये दिसलं की डावीकडची नळी आतड्याला जिथे जोडली होती तो जोड अरुंद झालाय, त्यामुळे लघवी तुंबून किडनी सुजली होती. पाठीतून थेट किडनीत एक नळी घातली. आता पिशव्या दोन.

त्या वेळी आईलाही ताप होता, म्हणून रात्री वॉर्डात मीच होते. पोटावरची पिशवी भरत आली होती. बाबांनी मला बाहेर पाठवलं नाही. म्हणाले, "इकडे ये. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, फार भरू द्यायची नाही, वजनानं चकती सुटते. आधी भांडं खाली धर. आता तोटी फिरव. उलटी, उलटी." मी फिरवली. ते पिशवीकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा कसा होता मला माहीत नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "हात धू. आणि मोजून लिही."

काम सगळं मी केलं, पण त्या रात्री दिलं त्यांनी. स्वतःचं काहीही दुसऱ्याला कधी करू न देणारा माणूस पहिल्यांदा मला शिकवत होता. यादीत अमानित्व पहिलं आणि शौच सातवं का, यावर मी मागच्या आठवड्यात बरंच काही लिहिलं होतं. ते आता पुन्हा वाचलं, तर पुस्तकी वाटलं.

फेब्रुवारीपासून बाबा परत देवघरात बसतात. कद नाही, सैल लेंगा आणि सदरा. पिशवीला आईनं जुन्या सुती साडीचं कव्हर शिवलंय, ते आंघोळीनंतर रोज धुतलेलं. पाठीची नळी अडकते म्हणून पाटाऐवजी खुर्ची. वाकता येत नाही, म्हणून अभिषेक अजून आईच करते, ते गंध उगाळतात. पूर्वीइतकं बारीक नाही येत. आत्येनं फोनवर काहीतरी विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "विचारलं मी त्याला. त्याची हरकत नाही." कुणाला विचारलं, डॉक्टरांना की बाळकृष्णाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

रोज रात्रीचं लघवीचं माप लिहायची वही पंचांगाबरोबर देवघराच्या खणात असते. आजची नोंद बाबांच्या अक्षरात आहे: पोट ९००, पाठ ५५०. पुढच्या आठवड्यात आषाढी, आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन. पाठीची नळी निघणार की जोड पुन्हा उघडायला ऑपरेशन करावं लागणार, ते तेव्हा ठरेल.

उद्याचा शब्द: स्थैर्य.

राम कृष्ण हरी.